विश्लेषण : घाटातल्या भिंगरीला नाव देणारे कर्नल साइक्स कोण होते? खडकीच्या लढाईतून पक्ष्यांच्या यादीपर्यंत…

सुरतहून धुळ्याकडे येणारा महामार्ग नवापूर मागे टाकून विसरवाडीला पोहोचतो. इथून एक रस्ता नंदुरबारकडे फुटतो आणि महामार्ग पुढे कोंडाईबारीचा घाट चढून साक्रीच्या दिशेने निघतो. अशा घाटात गाडी थांबवून कातळाकडे किंवा एखाद्या पुलाच्या खालच्या बाजूला दोन मिनिटे पाहिले, तर चिमणीपेक्षाही लहान, काजळी फासल्यासारखा काळपट तपकिरी पक्षी दिसण्याची चांगलीच शक्यता असते. तो फांदीवर बसत नाही, जमिनीवर क्वचित उतरतो, कड्याच्या कडेने सावकाश घिरट्या घालत राहतो. ही कड्यांवरची काळसर भिंगरी. गावाकडे तिला आणि तिच्यासारख्या सगळ्यांनाच सरसकट पाकोळी म्हणतात.

तिचे शास्त्रीय नाव टायोनोप्रोग्ने कॉनकलर. पक्ष्यांच्या कुठल्याही जागतिक यादीत या नावापुढे कंसात आणखी दोन गोष्टी छापलेल्या असतात : साइक्स आणि १८३२. हे साइक्स म्हणजे विल्यम हेन्री साइक्स. पेशव्यांविरुद्ध खडकीला लढलेले, पुढे दख्खनची माणसे, पिके आणि पर्जन्यमान मोजणारे आणि शेवटी ज्या ईस्ट इंडिया कंपनीत पोरवयात नोकरीला लागले तिच्याच अध्यक्षपदावर बसलेले अधिकारी. त्यांनी सांख्यिकी पाहणी केलेल्या चार जिल्ह्यांत खानदेश होता. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा त्याच खानदेशाचा भाग होता.

साइक्स भारतात कसे आले?

जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडातील यॉर्कशायरमधला. तेराव्या वर्षी, १८०३ मध्ये, कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून निवड झाली. आज ज्या वयात मुले आठवीत असतात त्या वयात हा मुलगा सैन्यात भरती झाला. १८०५ मध्ये लॉर्ड लेकच्या फौजेतून तो भरतपूरच्या वेढ्यात होता. तो वेढा इंग्रजांना जिंकता आला नाही.

पण पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने लढायांपेक्षा महत्त्वाची ठरली ती एक परीक्षा. १८१० मध्ये साइक्स हिंदुस्थानी आणि मराठी या दोन भाषांच्या दुभाषाची परीक्षा उत्तीर्ण झाले. कंपनीच्या नोकरीत भाषा येणे म्हणजे बढतीची वाट मोकळी होणे, एवढाच बहुतेकांसाठी त्याचा अर्थ असे. साइक्स यांच्या लिखाणात मात्र मराठी शब्द नंतर आयुष्यभर येत राहिले.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांची फौज आणि कंपनीची फौज समोरासमोर आली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत येरवड्याची लढाई झाली आणि पुणे इंग्रजांच्या हाती गेले. या दोन्ही लढायांत साइक्स देशी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व करत होते. पुढे डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेतही ते होते. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने जॉन माल्कम यांच्यापुढे शरणागती पत्करली. हे माल्कम पुढे एका पक्ष्याच्या नावात पुन्हा भेटतील.

सैनिकाचे मोजणीदार कसे झाले?

युद्ध संपल्यावर साइक्स वेरूळच्या लेण्यांवर एक विस्तृत टिपण लिहून युरोपात गेले. चार वर्षे तिकडे प्रवास केला आणि ऑक्टोबर १८२४ मध्ये परतले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर नवेच काम सोपवले. पद होते मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी.

या पदामागचे कारण साधे होते. पेशव्यांचा मुलूख ताब्यात आला, पण त्यात किती गावे, किती माणसे, किती विहिरी, किती बैल, कोणत्या जमिनीत काय पिकते, कोणाचा वतनाचा हक्क कशावर, याचा एकसंध हिशेब नव्या सरकारकडे नव्हता. आणि हिशेबाशिवाय सारा बसवायचा कसा? त्याच सुमारास पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी करून साऱ्याचे दर ठरवले. ते इतके चढे निघाले, की अनेक शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. शेवटी १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांना नव्याने आकारणी करावी लागली. आकडा चुकला तर गाव ओसाड पडू शकते, हे दख्खनने त्या दहा वर्षांत पाहिले. साइक्स यांचे काम सारा ठरवण्याचे नव्हते. पण ते ज्या सरकारसाठी मोजत होते, त्याला आकडे कशासाठी हवे होते हे विसरून चालत नाही.

त्यांच्या पाहणीचे चार जिल्हे म्हणजे पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड. खानदेशची अवस्था त्यात सर्वांत बिकट होती. पेंढाऱ्यांच्या धाडी, १८०३-०४ चा दुष्काळ आणि सततच्या लढाया यांनी तापीच्या दोन्ही काठांची कित्येक गावे उजाड केली होती. सातपुडा आणि सह्याद्रीच्या डोंगरांतले भिल्ल नव्या सत्तेला जुमानत नव्हते. १८२५ मध्ये, म्हणजे साइक्स यांची मोजणी सुरू असतानाच, जेम्स आउट्रम यांनी खानदेशात भिल्लांची पलटण उभारायला घेतली.

१८२९ च्या अखेरीस सांख्यिकी अधिकाऱ्याचे पद बंद करण्यात आले. काम मात्र थांबले नाही. साइक्स यांनी ते जानेवारी १८३१ पर्यंत पुरे केले आणि मगच रजेवर मायदेशी गेले. या चार जिल्ह्यांचा त्यांचा अहवाल पुढे विज्ञानाच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या वतीने प्रसिद्ध झाला. जमिनीच्या हक्कांवर त्यांनी वेगळा निबंध लिहिला. दख्खनच्या हवेचा दाब दिवसातून कसा वरखाली होतो, यावरचा त्यांचा निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. इथल्या काळ्या कातळाच्या आडव्या थरांवरही त्यांनी लिहिले.

पक्षी यात कुठून आले?

मोजणीच्या वाटेवरच. सहा-सात वर्षे तंबू घेऊन एकाच मुलखात, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा फिरणारा माणूस, हातात बंदूक आणि वही. त्या काळी पक्ष्याची नोंद करायची म्हणजे तो मारून त्याचे कातडे भरून ठेवायचे, अशीच रीत होती. आजच्या पक्षीनिरीक्षकाला ते वाचून अस्वस्थ वाटेल. पण त्याच कातड्यांवरून पुढच्या पिढ्यांना जाती पडताळून पाहता आल्या.

लंडनला पोहोचल्यावर १८३२ मध्ये झूलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात साइक्स यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली गेली. दोनशेहून अधिक जाती, त्यातल्या पन्नासहून जास्त विज्ञानाला नव्या म्हणून मांडलेल्या. त्या सगळ्या टिकल्या नाहीत. काहींना आधीच कुणी तरी नाव दिलेले निघाले. पण ज्या टिकल्या त्यांची नावे वाचली, तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाच्या शिवारातून चक्कर मारल्यासारखे वाटते. तळ्याच्या काठी ध्यान लावून बसणारा वंचक, म्हणजे ढोकरी. झुडपांतले राखी आणि साधा असे दोन्ही वटवट्ये. माळावरचा एक लावा. सह्याद्रीच्या रानातला लाल छातीचा शिंजीर. शेतात टोळीने ओरडत फिरणारा मोठा राखाडी सातभाई. या सातभाईला त्यांनी नाव दिले माल्कमचे. पेशवाई बुडवणाऱ्यांपैकी एक माणूस अशा रीतीने खानदेशच्या बांधावर कलकलाट करणाऱ्या पक्ष्यात जाऊन बसला.

बाकी नावे अशी एकाच वळणाची नाहीत. एका चंडोलाच्या नावात देव आहे, एका छोट्या वटवट्यासारख्या पक्ष्याच्या नावात राम आणि एका रातव्याच्या नावात मराठा मुलूख. माशांच्या बाबतीत तर त्यांनी स्थानिक नावेच लॅटिन साच्यात बसवली. दख्खनच्या महासीर माशाचे खुद्री हे शास्त्रीय नाव साइक्स यांनी दिलेले आहे. लोणावळ्याजवळ वळवणला ज्या महासीरची पिल्ले वाढवून नद्यांत सोडली जातात, तो हाच. रानकुत्र्याला, म्हणजे कोळसुनाला, त्यांनी दिलेल्या नावात दख्खन आहे आणि भारतातल्या रानकुत्र्यांच्या पोटजातीसाठी ते आजही वापरले जाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या जाती साइक्स यांनी शोधल्या, असे सहज लिहिले जाते. ते बरोबर नाही. वंचक इथल्या कोळ्याला आणि सातभाई इथल्या गुराख्याला हजारो वर्षे माहीत होता. साइक्स यांनी केले ते असे, की या पक्ष्यांचे वर्णन छापून त्यांना जगभर एकाच अर्थाने वापरता येईल असे नाव दिले. ज्यांनी त्यांना हे पक्षी दाखवले, ओळखून दिले, त्या वाटाड्यांची नावे नामकरणाच्या नियमांत कुठेच येत नाहीत.

नावावरून पक्ष्याचा प्रदेश कळतो का?

नेहमी नाही. साइक्स यांची यादी याचे उत्तम उदाहरण आहे. ज्या रातव्याला त्यांनी मराठा मुलखाचे नाव दिले, तो मुळात वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशाचा रहिवासी आहे. सिंध, राजस्थान, कच्छ हे त्याचे घर. आपल्याकडे तो येतो हिवाळ्यापुरता. रामाचे नाव मिळालेला छोटा पक्षी तर मध्य आशियाच्या बाजूला वीण करतो आणि थंडीत भारतात उतरतो. नमुना जिथे हाती लागला तिथले नाव मिळाले. पक्षी मात्र पाहुणा निघाला.

भिंगरीचे तसे नाही. तिच्या नावात ना देश आहे, ना देव. कॉनकलर म्हणजे एकरंगी. पाठ आणि पोट यांच्या रंगात फारसा फरक नाही, म्हणून हे नाव. पण ती खरीखुरी इथली रहिवासी आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे भारतभर डोंगराळ भागात ती बारमाही राहते. पूर्वेला तिची दुसरी पोटजात म्यानमार, थायलंडचा उत्तर भाग, लाओस, व्हिएतनाम आणि दक्षिण चीनपर्यंत पोहोचते. हवामानानुसार थोडे वर-खाली सरकणे वगळता ती स्थलांतर करत नाही.

साइक्स यांनी तिला हिरुंडो या भिंगऱ्यांच्या मोठ्या कुळात ठेवले होते. नंतर कड्यांवर राहणाऱ्या भिंगऱ्यांचे वेगळे कूळ मानले गेले, तेव्हा तिचे पहिले नाव बदलले, दुसरे तेच राहिले. मूळ नामकरण करणाऱ्याचे नाव कंसात लिहायचे ते अशा वेळी. साइक्स यांच्याभोवतीचा कंस म्हणजे जात त्यांचीच, पण कूळ आता वेगळे, एवढेच सांगणारी खूण.

कडा सोडून ती पुलाखाली कशी आली?

तिची मूळ गरज एकच : वर छप्पर, समोर मोकळी हवा. दख्खनचा काळा कातळ लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे. दोन कठीण थरांच्या मध्ये कुठे ठिसूळ, लालसर थर असतो. तो आधी झिजतो आणि वरचा कठीण थर पुढे आलेल्या छज्जासारखा लोंबता राहतो. त्या छज्जाखाली पाऊस लागत नाही, खालून साप-मुंगूस चढू शकत नाही आणि उन्हाने तापलेल्या कड्यालगत वर चढणाऱ्या हवेबरोबर माश्या-चिलटे आपोआप समोर येतात. भिंगरी उडता उडताच ती टिपते. धुळे-नंदुरबार भागात तर याखेरीज कातळाच्या उभ्या भिंतीही आहेत. लाव्हाने जमिनीतल्या भेगा भरल्या आणि भोवतालची माती-मुरूम वाहून गेल्यावर त्या मैलोन्‌मैल उघड्या पडल्या.

चिखलाचे इवलेसे गोळे चोचीतून आणून ती छज्जाखाली अर्ध्या वाटीच्या आकाराचे घरटे चिकटवते. आतून पिसांचे मऊ अस्तर. अंडी साधारण दोन ते चार, पांढरी, तपकिरी ठिपक्यांची. नर-मादी दोघेही अंडी उबवतात, दोघेही पिलांना भरवतात. तेच घरटे डागडुजी करून पुन्हा वापरले जाते आणि एका वर्षात एकाहून अधिक वेळा पिले वाढवली जातात. पाऊस पडला की ओला चिखलही मिळतो आणि किडेही. त्यामुळे पावसाळ्याचे महिने तिच्या सोयीचे.

आता पुलाच्या तुळईकडे पाहा. वर काँक्रीटचे छप्पर, खाली मोकळी हवा, बाजूला पाणी आणि चिखल. भिंगरीच्या दृष्टीने हा कडाच आहे. किल्ल्यांचे बुरूज, देवळांची शिखरे, लेण्यांचे छज्जे, मग रेल्वेचे पूल, सरकारी इमारती, शाळेचे व्हरांडे, अलीकडे उड्डाणपूल. माणसाने बांधलेली प्रत्येक उंच, आडोसा देणारी गोष्ट तिने वापरून घेतली. त्यामुळे जिथे मुळात कडे नव्हते अशा शहरांतही ती पसरली. आज जागतिक पातळीवर तिला धोक्यातली जात मानले जात नाही.

ओळखताना मात्र गफलत होते. तारेवर बसणारी, पाठीवर निळी झळाळी आणि पोट पांढरेशुभ्र असलेली तारवाली भिंगरी वेगळी. ती पाण्याजवळ राहते आणि पुलाखाली तीही घरटे करते. काळसर भिंगरीची शेपटी चौकोनी, काटा नसलेली असते आणि ती पसरली की टोकाजवळ पांढऱ्या ठिपक्यांची ओळ उमटते. हिवाळ्यात उत्तरेकडून तिची एक मोठी, फिकट चुलत बहीण येते. दोन्ही एकत्र उडत असल्या तरी आकार आणि रंगातला फरक दुर्बिणीतून कळतो.

मायदेशी गेल्यावर साइक्स यांचे काय झाले?

आकड्यांनी पाठ सोडली नाही. १८३३ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी लंडनमध्ये जी सांख्यिकी संस्था स्थापन झाली तिच्या संस्थापकांत होते. पुढे तिचे अध्यक्षही झाले. १८४० मध्ये ते कंपनीचे संचालक आणि १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. म्हणजे १८५७ च्या उठावाच्या तोंडावर कंपनीच्या गादीवर दख्खनची गावे पायी पाहिलेला माणूस बसला होता. त्याने उठाव टळला नाही आणि कंपनीही वाचली नाही. १८५८ मध्ये राज्य थेट राणीकडे गेले. साइक्स तोवर अॅबर्डीनचे खासदार झाले होते आणि मृत्यूपर्यंत राहिले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

नंदुरबारच्या दुसऱ्या पक्ष्याशी याचा संबंध काय?

साइक्स गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १८७३ मध्ये, अॅलन ह्यूम यांनी एका छोट्या घुबडाचे वर्णन केले. हा रानपिंगळा. १८८० च्या दशकात खानदेशात काम करणारे सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांना शहादा-तळोदा भागात त्याचे काही नमुने मिळाले. साइक्स यांच्यासारखेच सरकारी दौरे आणि त्यातूनच पक्ष्यांची यादी. त्यानंतर रानपिंगळा जवळपास ११३ वर्षे कुणालाच खात्रीने दिसला नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९९८ रोजी, धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला.

एकाच जिल्ह्यातले हे दोन पक्षी. रानपिंगळ्याला सागाचे विरळ, जुने रान आणि ढोलीची झाडे लागतात. ते तुटले तर तो पुलाखाली राहायला जाऊ शकत नाही. भिंगरीला झाडांचा फारसा संबंधच नाही. तिच्या अडचणी वेगळ्या, आणि त्यातली नेहमीची म्हणजे रंगरंगोटी. इमारतीला रंग देताना, पुलाची डागडुजी करताना चिखलाची वाटी खरवडून टाकली जाते, पुष्कळदा आत अंडी असताना. पिले उडून जाईपर्यंत काही आठवडे थांबले तरी काम अडत नाही. रिकामे घरटे मात्र ओळखावे लागते. खाली जमिनीवर ओली विष्ठा दिसत असेल आणि जोडी दर काही मिनिटांनी तिथेच येत असेल, तर ते रिकामे नाही.